एका सिगारेटीचा वेळ

मिस्त्रींच्या वर्कशॉपमध्ये घड्याळ नव्हतं. एकदा त्यांच्या बायकोने हौसेने एक आणून भिंतीला लावलं होतं, पण दोन महिन्यांत त्यात लाकडाचा भुसा गेला आणि ते सव्वाचारला थांबलं ते थांबलंच. मिस्त्रींनी ते उतरवून खिळ्यांच्या डब्यावर झाकण म्हणून ठेवलं. "घड्याळ बघून काम करायला मी काय कारकून आहे?" असं म्हणायचे. मग वेळ मोजायचे कशावर? अहो, सिगारेटींवर!

लाकूड चिकटवायचा सरस पातळ व्हायला दोन सिगारेटी. पॉलिशचा पहिला हात वाळायला तीन. गिऱ्हाइकाने विचारलं, "मिस्त्री, किती वेळ लागेल?" तर उत्तर ठरलेलं, "चार सिगारेटींचं काम आहे, चहा पिऊन या." पण सगळ्यांत महत्त्वाचं माप म्हणजे एक सिगारेट. गोल पाठीच्या, वाकड्या पायांच्या जुन्या खुर्च्यांवर क्लॅम्प बसत नाही, घसरतो. त्यांचा सांधा सरस लावून हातानेच दाबून धरावा लागतो. मिस्त्री डाव्या हाताने सांधा दाबायचे आणि उजव्या हातात सिगारेट धरायचे. ती जळत बोटांपर्यंत आली की समजायचं, सरसाने लाकूड धरलं. पस्तीस वर्षांत त्यांचा एक सांधा निसटला नव्हता. लोक लांबलांबून खुर्च्या डोक्यावर घेऊन यायचे ते काही उगाच नाही.

अशा माणसाने एका सोमवारी सकाळी, कुणाला सांगणं नाही, सवरणं नाही, खिशातलं जवळजवळ भरलेलं पाकीट काढलं आणि सरसाच्या गरम भांड्यात टाकून दिलं.

"बाबा!" लेक दारातून ओरडली. "अहो, आत्ता केलाय मी तो सरस!"

"दुसरा करू."

"पण झालं काय?"

"काही नाही. कंटाळा आला सिगारेटचा."

पस्तीस वर्षं न आलेला कंटाळा सोमवारी सकाळी नऊ वाजता येतो होय? पण लेकीने पुढे विचारलं नाही. तिने भांडं उचललं, आत वाकून बघितलं, नाक मुरडलं आणि मागच्या नळावर जाऊन ते खरवडत बसली.

खरं कारण आदल्या दिवशी जेवणाच्या टेबलावर घडलं होतं. लेक सव्वीस वर्षांची. सहा वर्षं बापाच्या हाताखाली काम करून आता नक्षीत बापाच्या पुढे गेलेली. तर ती रविवारी जेवता जेवता म्हणाली, "पुलापलीकडच्या फर्निचर फॅक्टरीने मला बोलावलंय. शनिवारी दुपारपर्यंत हो की नाही ते कळवायचं आहे. मी अर्धा दिवस जाऊन बघून पण आले."

"कशी आहे गं?" आईने विचारलं.

"मोठी आहे. काम काही खास नाही, सगळं मशीनवर. पण धूळ ओढून घ्यायला पंखे आहेत, हवा स्वच्छ आहे." मग जरा थांबून म्हणाली, "आई, अर्धा दिवस होते मी तिथे, आणि एकदाही खोकला आला नाही."

एवढंच. ना तक्रार, ना टोमणा. पण मिस्त्रींनी हातातला घास ताटात परत ठेवला. लेकीला लहानपणापासून खोकला होता आणि मिस्त्री सगळ्यांना सांगायचे, "लाकडाची धूळ बाधते तिला." तिचं कामाचं टेबल वर्कशॉपच्या दारात, अर्धं आत अर्धं बाहेर. थंडी असो, वारा असो, ते तिथेच. त्यावरही मिस्त्रींचं उत्तर तयार होतं, "नक्षीला उजेड लागतो ना!" पोरीला धूळ नाही, आपला धूर बाधतो, हा उजेड त्या रविवारी त्यांच्या डोक्यात पडला, तो सहा वर्षं उशिरा. आणि तोंडातून काय निघालं? "जा की मग. कुणी अडवलंय?"

बायकोने असं बघितलं की मिस्त्रींनी ताटातून मान वर केली नाही.

त्यांना म्हणायचं होतं, राहा. हे सगळं तुझंच आहे, तू गेलीस तर मी या रंध्यांशी आणि पटाश्यांशी बोलत बसू काय? पण बापाने 'राहा' म्हटलं आणि पोरगी दयेपोटी राहिली, तर ते काय राहणं झालं? तिचं तिला ठरवू दे. आपल्या हातात आहे तेवढं आपण करायचं. आणि त्यांच्या हातात होती सिगारेट. म्हणून सोमवारी ती सरसात गेली. कशासाठी, हे लेकीला कळू द्यायचं नाही, एवढं त्यांनी मनाशी पक्कं केलं. बायकोला मात्र न सांगताच कळलं. ती म्हणाली, "कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडं ते वाकडंच. पण घालून बघा." आणि तिने डब्यात चार गाजरं सोलून दिली.

गाजरं दहा वाजेपर्यंत संपली. मग सुरू झाला तो नुसता छळ. हात दर पाच मिनिटांनी खिशाकडे जायचा आणि रिकामा परत यायचा. कानावरची पेन्सिल दोनदा तोंडात गेली, आणि एकदा तर तिला लावायला मिस्त्री काडेपेटी शोधायला लागले. डोकं ठणकायला लागलं. एक चांगली फळी ते रंधत बसले आणि इतकी रंधली की लेक म्हणाली, "बाबा, कपाटाचं दार करायचंय, पतंग नाही." त्यावर मिस्त्री करवतीवर खेकसले. करवत बिचारी काय बोलणार? संध्याकाळपर्यंत त्यांचं करवतीशी, हातोडीशी, दाराच्या बिजागरीशी आणि स्वतःच्या चपलेशी भांडण झालेलं होतं.

मंगळवारी बेकरीवाल्याची खुर्ची कामाला घ्यायची होती. बेकरीवाला म्हणजे रस्त्यापलीकडचा, मिस्त्रींचा वीस वर्षांचा दोस्त. देह असा अगडबंब की बेकरीच्या दारातून तिरका बाहेर यायचा. रोज सकाळी दोघं बेकरीच्या मागच्या पायरीवर बसून एकेक सिगारेट ओढायचे आणि जगाला नावं ठेवायचे. त्याची गल्ल्यामागची खुर्ची गोल पाठीची होती, आणि तिचे चारही पाय डगमगायला लागले होते.

मिस्त्रींनी सांधे साफ केले, सरस लावला, पहिला पाय बसवला आणि डाव्या हाताने दाबून धरला. उजवा हात सवयीने खिशाकडे गेला. खिसा रिकामा. आता आली का पंचाईत! धरायचं कधीपर्यंत? मिस्त्री नुसते धरून बसले. भिंतीकडे बघितलं. छताकडे बघितलं. घशात काहीतरी ओढल्यासारखं व्हायला लागलं, पायाची बोटं चपलेत वळवळली. युग लोटलं असं वाटलं. "झाली असेल एक सिगारेट," ते मनात म्हणाले आणि हात सोडला. दुसरा पाय तसाच. तिसऱ्याला तर दोन युगं लोटली.

खरं सांगायचं तर दर पायाला दीड मिनिटसुद्धा झालं नव्हतं. ज्याला तलफ आलीय त्याच्या मिनिटाला तास असतो, हे मिस्त्रींना कोण सांगणार? सरस धरायच्या आत हात सुटला की सांधा केसभर उघडतो. डोळ्याला दिसत नाही. बसणाऱ्याला कळतं.

बुधवारी सकाळी ते बसणाऱ्याला कळलं.

"वा!" बेकरीवाला खुर्चीभोवती फिरून म्हणाला. "नवी नवरी दिसतेय." आणि तो बसला. पहिल्यांदा एक बारीक करकर झाली. मग चारही पाय चार दिशांना गेले आणि बेकरीवाला भुशात बसलेला दिसला. मांडीखाली खुर्चीची बैठक तशीच होती, त्यामुळे एखादा राजा फार बुटक्या सिंहासनावर बसलाय असं वाटत होतं.

मग बेकरीवालाच खो खो हसायला लागला आणि त्याचं पोट असं हलायला लागलं की त्याला उठवायला बाप-लेक दोघांनाही येता येईना, कारण ती दोघंही हसत होती. पण मिस्त्रींचं हसू लवकर आटलं. पस्तीस वर्षांत पहिल्यांदा त्यांचा सांधा निसटला होता. एक नाही, चार.

"लागलं का रे?"

"मला काय लागतंय? गादी बरोबर घेऊनच फिरतो मी." बेकरीवाल्याने कंबर झटकली. "पण मिस्त्री, हे तुझं काम नाही. हे त्या सिगारेट सोडण्याचं काम आहे. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, आणि तू जिवंतपणीच काढायला निघालास! घे, एक ओढ आणि कामाला लाग." त्याने पाकीट पुढे केलं.

मिस्त्रींनी मान हलवली. नाही म्हणून हलवली, पण नजर पाकिटावरून हलेना. आणि मग त्यांना एक नामी विचार सुचला. अशा वेळी सुचणारे सगळे विचार नामीच वाटतात.

"ओढणार नाही," ते म्हणाले. "नुसती पेटवून टेबलाच्या कडेला ठेवीन. वेळ मोजायला. घड्याळ म्हणून."

"हो हो, घड्याळ म्हणून," बेकरीवाला म्हणाला. "मी पण बेकरीत पाव मोजायलाच खातो."

मिस्त्रींनी सिगारेट घेतली. बोटांत आल्याबरोबर ती अशी ओळखीची वाटली की त्यांचं सगळं अंग सैल पडलं. फक्त घड्याळ म्हणून. दुसरा हात काडेपेटीकडे गेला.

"बाबा," लेक दारातल्या आपल्या टेबलावरून म्हणाली, "बे ते पंधरा."

"काय?"

"तुमची एक सिगारेट म्हणजे बे ते पंधराचे पाढे. एका दमात, न थांबता. पंधरा दाहे दीडशे म्हटलं की तुम्ही थोटूक विझवायचात. नेहमी."

मिस्त्रींना कळेना. "तुला कसं ठाऊक?"

"अहो, ठाऊक कसं म्हणजे?" तिने पटाशीवरचा भुसा फुंकला. अगदी सहज सांगत होती, जेवणात काय होतं ते सांगावं तसं. "शाळेतून आले की मला तुमच्याकडे आत यायचं असायचं. आई म्हणायची, बाबांची सिगारेट संपल्याशिवाय आत जायचं नाही, खोकला येतो तुला. मग मी या उंबरठ्यावर बसायचे आणि पाढे म्हणायचे. पंधरा झाले की आत. कधी तुम्ही लगेच दुसरी लावायचात, मग परत बे एके बे."

मिस्त्रींना ती पोरगी आठवली, दोन वेण्यांची, उंबरठ्यावर दप्तर मांडीत घेऊन पुटपुटत बसलेली. त्यांना वाटायचं, केवढी अभ्यासू! येईल त्या गिऱ्हाइकाला छाती फुगवून सांगायचे, "माझ्या पोरीला सगळे पाढे तोंडपाठ आहेत. शिकवायला लागलं नाही, आपणहून म्हणत बसते." याच बेकरीवाल्याला तर शंभरदा सांगितलं असेल. आपणहून म्हणे! ती बापाकडे आत यायची वाट बघत होती, आणि बाप दुसरी लावत होता.

बेकरीवाला जमिनीकडे बघत होता. एवढा बडबड्या माणूस, पण त्याने सिगारेट मिस्त्रींच्या बोटांतून हळूच काढून घेतली, पाकिटात घातली आणि पाकीट खिशात.

"मला माफ कर, बाळ," मिस्त्री म्हणाले.

"काय बाबा तुम्ही पण! माझं गणित किती चांगलं झालं." ती उठून आत आली, खुर्चीचा एक पाय उचलून त्यांच्या हातात दिला. "चला. सरस गरम आहे. म्हणा, बे एके बे."

त्या दिवशी वर्कशॉपमध्ये जे झालं ते रस्त्यावरून जाणाऱ्यांनी थांबून बघितलं. मिस्त्री खुर्चीचा पाय दाबून धरून बसलेले आणि मोठमोठ्याने पाढे म्हणणारे. दहापर्यंत गाडी सरळ गेली. अकरालाही अडचण नव्हती. बाराला बेकरीवाला मध्येच म्हणाला, "बाराचा माझ्यावर सोड, डझनावारी पाव विकतो मी," आणि त्याने तो असा धडाधड म्हटला की मिस्त्रींना दम खायला मिळाला. पण तेराला घोडं अडलं.

"तेरा साते..." मिस्त्री म्हणाले. "तेरा साते..."

"हात सोडू नका!" लेक म्हणाली. "एक्क्याण्णव."

"एक्क्याण्णव. तेरा आठे..."

"एकशे चार. बाबा, तुम्ही चौथी पास झालात कसे?"

"गुरुजींना खुर्ची दुरुस्त करून दिली होती माझ्या बापाने," मिस्त्री म्हणाले, आणि तिघंही हसली, पण हात सुटला नाही. चार पाय, चारदा बे ते पंधरा. गुरुवारी बेकरीवाला येऊन त्या खुर्चीवर आधी अर्धा बसला, मग पाऊण, मग पुरा. खुर्ची हूं की चूं करेना. तो मुद्दाम दोनदा उठून दोनदा बसला आणि खूश होऊन खुर्ची डोक्यावर घेऊन रस्ता ओलांडून गेला.

आता गंमत बघा. गुरुवारी दुपारी तलफ आली, चांगली सणसणून आली. खिशाकडे हात गेला तसे मिस्त्री सवयीने पुटपुटायला लागले, बे एके बे. आठापर्यंत जीव नकोसा झाला. अकराला जरा बरं वाटलं. तेराला अडखळले आणि त्या गडबडीत तलफ कुठे निघून गेली ते कळलंच नाही. पंधरा दाहे दीडशे म्हणून त्यांनी इकडे तिकडे बघितलं, तर सगळं जागच्या जागी. अरेच्चा! म्हणजे तलफसुद्धा एका सिगारेटीचीच होती तर. ती ओढली काय, न ओढली काय, तेवढ्याच वेळात निघून जायची. पस्तीस वर्षं उगाच धूर केला म्हणायचा.

ती पुन्हा येत होती, हे काही खोटं नाही. तासाभराने येत होती, चहा झाला की येत होती, बेकरीवाला पायरीवर बसलेला दिसला की धावत येत होती. पण मिस्त्रींकडे आता तिच्यावर उपाय होता. बायको म्हणाली, "झोपेत सुद्धा पाढे म्हणता. काल मला चौदा नव्वे सव्वीसाशे असं काहीतरी सांगत होतात."

"चौदा नव्वे एकशे सव्वीस," मिस्त्री ऐटीत म्हणाले.

शुक्रवारी सकाळी त्यांनी अक्रोडाची फळी कापायला घेतली आणि मध्येच करवत थांबवली. नाक पुढे करून वास घेतला. "याला वास असतो?"

"असतो की," लेक म्हणाली. "तुम्हाला माहीत नव्हतं?"

"तरुणपणी माहीत असेल. विसरलो." मग ते सगळ्या वर्कशॉपभर फिरले, हा ओंडका हुंग, तो तुकडा हुंग. दारात येऊन उभे राहिले तर रस्त्यापलीकडून भाजलेल्या पावाचा वास आला, आणि इतका छान आला की डोळ्यांत पाणी उभं राहिलं. बरं वाटत होतं त्यांना, खरंच फार बरं वाटत होतं. फक्त उद्याचा शनिवार मनातून जात नव्हता. सबंध आठवडा लेक फॅक्टरीबद्दल अक्षर बोलली नव्हती आणि त्यांनी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर पाकीट सरसात का गेलं तेही सांगावं लागलं असतं.

शनिवारी बाराच्या सुमाराला मिस्त्री दुसऱ्या एका गोल खुर्चीची पाठ जोडत होते. सरस लावला, सांधा बसवला, दाबला, आणि बेपासून पाढे सुरू केले. तेवढ्यात लेकीने फोन घेतला आणि ती बाहेर गेली.

खिडकीतून ती दिसत होती. रस्त्याच्या कडेला, पाठमोरी. फोन कानाला. मिस्त्रींचा सहाचा पाढा चालला होता. ती मान हलवत होती. सात. कशाला मान हलवतेय एवढी? आठ. ती हसली. हसून कोण नाही म्हणतं? माणूस हसून होच म्हणतो. आणि नेमकी वेळ साधून मिस्त्रींना तलफ आली, आठवड्यातली सगळ्यांत मोठी. हात सोडावा, बाहेर जावं, म्हणावं, 'अगं, राहा ना.' नाहीतर पायरीवर जाऊन बेकरीवाल्याकडे एक मागावी. हात सोडला तर सांधा जाणार होता. त्यांनी ओठ आवळले आणि नवाचा पाढा जरा मोठ्याने म्हटला. दहा, अकरा, बारा. तेराला ते अडखळले नाहीत.

चौदा सुरू होता तेव्हा लेक दारात आली. आणि तिथेच, उंबरठ्याशी, थांबली. फोन खिशात घातला, चौकटीला टेकून उभी राहिली. हात गुंतलेला असला की बापाचं होईपर्यंत थांबायचं, ही तिची लहानपणची सवय. तिलाही ते कळलं नसेल.

मिस्त्रींना कळलं. "चौदा पाचे सत्तर," ते म्हणाले, आणि थांबले. "दारात काय उभी राहिलीस? आत ये."

"तुमचे पंधरा व्हायचेत अजून."

"होऊ देत. तू ये आत."

ती आली. भुशातच त्यांच्याजवळ उकिडवी बसली आणि सांध्याच्या दुसऱ्या बाजूने तिने आपला हात लावला. उरलेला चौदा आणि सगळा पंधरा दोघांनी मिळून म्हटला. दीडशे झाल्यावर मिस्त्रींनी एकेक बोट करत हात काढला. सांधा हलला नाही.

"नाही म्हणून कळवलं त्यांना," लेक म्हणाली.

मिस्त्रींना खूप काही बोलायचं होतं. तोंडातून निघालं ते एवढंच, "धुळीसाठी तसा पंखा आपण पण बसवू."

"बसवायचाच आहे. त्यांनाच विचारलं मी फोनवर, कुठे मिळतो ते." ती हात झटकत उठली. "आधी माझं टेबल धरा त्या बाजूने."

"कुठे न्यायचंय?"

"आत. खिडकीपाशी. दारात फार गार वारा लागतो, बाबा."

"मग सहा वर्षं लागत नव्हता?"

"लागत होता की," ती म्हणाली, आणि तिने आपल्या बाजूने टेबल उचललं.